चालू नंतर, बंद आधी

गंगापूर रोडच्या आपल्या सोसायटीचा पंप, जिन्यातले दिवे आणि घरचा गीझर आता तू स्क्रिप्टवर चालवणार, असं ताई सांगत होती. चांगलंच आहे. घरातली यंत्रं चालवणाऱ्या होम असिस्टंट, ईएसपीहोम, टॅस्मोटा यांची भाषा तुला येते, त्यात मी काय सांगणार? पण सातपूरच्या कारखान्यांत पॅनेल जोडण्यात आणि उघडून दुरुस्त करण्यात माझी उमेदीची सगळी वर्षं गेली. तिथे जुन्या मिस्त्रींनी जे कानात घातलं, ते घरच्या एका अश्वशक्तीच्या मोटरीलाही जसंच्या तसं लागू पडतं. ते तुझ्या हवाली करतो. पटेल ते घे.

चालू करण्याआधी बंद करण्याचं लिही

पॅनेल जोडताना पहिली तार स्टॉप बटणाची ओढायची, स्टार्टची शेवटी. स्क्रिप्टही तशीच लिही. कोरी फाईल उघडलीस की आधी स्वतःला विचार, ही वस्तू किती प्रकारांनी बंद होईल? गच्चीवरच्या टाकीच्या मोटरीला निदान चार प्रकार हवेत. वरची टाकी भरली, खालची टाकी रिकामी झाली, ठरलेली वेळ संपली किंवा कुणीतरी हाताने बंद केली. चारांपैकी कोणताही एक एकट्याने मोटर थांबवू शकला पाहिजे. एकाने दुसऱ्याच्या तोंडाकडे बघायचं नाही.

वेळेची मर्यादा अंदाजाने टाकू नको, मोजून टाक. टाकी तळापासून काठापर्यंत भरायला ४० मिनिटं लागत असतील, तर ५०व्या मिनिटाला मोटर बंद, मग सेन्सर काहीही म्हणो. गीझरचंही गणित कर. १५ लिटर पाणी, २ किलोवॉटची कॉइल. पाणी २० अंशांवरून ६० वर न्यायला साधारण २१ मिनिटं लागतात. आपल्याकडे जानेवारीत गच्चीवरच्या टाकीतलं पाणी याहून गार असतं, म्हणून थोडं वाढव. तरी अर्ध्या तासापलीकडे गीझर चालू राहायला काहीच कारण नाही.

आता यातली मेख. 'मोटर चालू कर, ४० मिनिटं थांब, बंद कर' अशा तीन ओळी दिसायला सरळ दिसतात. पण थांबलेल्या त्या ४० मिनिटांत होम असिस्टंट पुन्हा सुरू झालं, अपडेटमुळे म्हण किंवा वीज डोळा मारून गेली म्हणून म्हण, की ते थांबणं विसरलं जातं आणि तिसरी ओळ कधीच चालत नाही. मोटर मात्र चालू. म्हणून शेवटची वेळमर्यादा मोटरीशेजारच्या वायफाय रिलेच्या डब्यातच घाल. टॅस्मोटात त्यासाठी पल्सटाइम आहे. ईएसपीहोममध्ये तीच गोष्ट चिपवर लिहिता येते. मग राउटर बंद पडो, रास्पबेरी पायचं कार्ड जळो, मोटर आपली आपण थांबते. बंद करण्याचा अखेरचा अधिकार मोटरीच्या सगळ्यात जवळ बसलेल्याकडे असावा.

तुटलेली तार म्हणजे 'बंद'

पॅनेलमधलं स्टॉप बटण एरवी जोडलेलं असतं आणि दाबलं की तुटतं. उलटं का नाही ठेवत? कारण तार उंदराने कुरतडली, स्क्रू सैल झाला, तरी परिणाम दाबल्यासारखाच व्हावा. मोटर थांबावी. फ्लोट स्विच जोडतानाही हेच धोरण ठेव. टाकी भरली की सर्किट तुटलं पाहिजे, म्हणजे तार तुटली तरी मोटर बंदच.

स्क्रिप्टमध्ये तुटलेल्या तारेला 'अनअव्हेलेबल' आणि 'अननोन' अशी नावं आहेत. बहुतेक जण लिहितात, 'टाकी भरली असेल तर बंद कर.' सेन्सर मुका झाला की टाकी कधी भरतच नाही आणि गच्चीवरून पाणी खाली यायला लागतं. तू अट पालटून लिही. पातळीचा आकडा आला आहे, तो ० ते १०० च्या आत आहे आणि पाच मिनिटांहून जुना नाही, एवढं सगळं खरं असेल तरच मोटर चालू राहील. शिळा आकडा फार फसवतो. सेन्सर ४२ वर अडकला, तरी पडद्यावर ४२ छान दिसत राहतं. मोटर दहा मिनिटं चालूनही पातळी हलली नसेल, तर एक तर पाणी चढत नाही किंवा सेन्सर खोटं बोलतो. दोन्हींवर उपाय तोच, मोटर बंद.

यंत्रांचे निरोप पोचवायला एमक्यूटीटी वापरणार असशील तर त्यातल्या 'लास्ट विल'चा उपयोग कर. हा प्रोटोकॉल १९९९ साली अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी तेलाच्या पाइपलाइनींवर नजर ठेवण्यासाठी लिहिला. दूरवरच्या केंद्राशी संपर्क तुटणार, हे ते धरूनच चालले होते. म्हणून प्रत्येक यंत्र जोडलं जातानाच आपला निरोप ब्रोकरकडे, म्हणजे निरोप वाटणाऱ्या मधल्या सर्व्हरकडे, ठेवून देतं, 'माझा संपर्क तुटला तर सगळ्यांना हे कळव.' त्यात आणखी एक खोच आहे. 'रिटेन' ही निरोप जपून ठेवण्याची खूण स्थितीच्या निरोपाला लाव, हुकमाला कधीच लावू नको. हुकूम ब्रोकरकडे जपून राहिला, तर वीज येऊन पंपाचा डबा पुन्हा जोडला गेला की कालचा 'चालू हो' त्याच्या हातात पडतो.

हलणाऱ्या आकड्यावर निर्णय घेऊ नको

रामकुंडावर पूर बघायला गेलेला माणूस नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतो. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, अशा टप्प्यांनी नाशिककर पूर मोजतात. एखादी लाट उसळून छातीवर आपटली म्हणून कुणी पाणी छातीला लागलं म्हणत नाही. पाणी तिथे ठरलं पाहिजे.

टाकीतलं पाणीही भरताना असंच उसळतं. आवाजाच्या लहरींनी पातळी मोजणारा सेन्सर पाण्याच्या उड्या मोजतो, झाकणाखाली धरलेल्या थेंबांनाही पाणी समजतो. शिवाय बाजारात मिळणाऱ्या जलरोधक सेन्सरना तोंडापुढचे साधारण २० ते २५ सेंटीमीटर दिसतच नाहीत. तेव्हा तो काठापासून तेवढा वर बसव, नाहीतर ऐन भरायच्या वेळी तो आंधळा होईल. पाच-सात आकडे घेऊन मधला धर. आणि मोटर सुरू होण्याची व थांबण्याची पातळी एकच ठेवू नको. ३० टक्क्यांखाली गेली की सुरू, ९० वर गेली की बंद. दोन्ही आकडे जवळ ठेवलेस तर मोटर दर दोन मिनिटांनी उचकी देईल. सुरू होताना ती नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते आणि तेच तिच्या गुंडाळीला मारतं.

एवढं सगळं करूनही टाकीत साधा फ्लोट ठेवच. सेन्सर फोनवर पातळी दाखवायला आणि रोजच्या चालू-बंदला, फ्लोट मात्र मोटर हमखास थांबवायला.

वीज येण्याची तयारी कर

वीज गेली की सगळं आपोआप बंद होतं, त्यात स्क्रिप्टचं काही कौशल्य नाही. परीक्षा वीज आल्यावर असते.

निफाड, दिंडोरीकडे विहिरीवरच्या पंपाला शेतकरी 'ऑटो' बसवतात. शेतीची वीज पाळीने येते, कधी दिवसा, कधी रात्री. वीज आली की ऑटो मोटर उचलतो, रात्री बॅटरी घेऊन बांधावर जावं लागत नाही. सोय मोठीच आहे. पण वीज आल्याक्षणी एका डीपीवरचे, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरचे, सगळे पंप एकदम उठतात आणि डीपी जळते. म्हणून ऑटो स्विच काढा, कपॅसिटर बसवा, असं महावितरण शेतकऱ्यांना पुन्हा पुन्हा सांगत असतं. एकेकट्या शेताच्या हिशेबाने ऑटो शहाणा आणि सगळ्यांचा मिळून वेडेपणा.

आपल्या इमारतीतही तेच होणार आहे. लिफ्ट, पंप, सहा घरांचे एसी आणि गीझर, प्रत्येकाची स्क्रिप्ट 'वीज आली की सुरू' म्हणणार. तू क्रम लावून दे. डब्यांना आधी सांगून ठेव की वीज आली तरी बंदच राहायचं. टॅस्मोटात पॉवरऑनस्टेट शून्य, ईएसपीहोममध्ये रिस्टोर मोड 'ऑलवेज ऑफ'. मग व्होल्टेज २०० ते २५० च्या आत सलग दोन मिनिटं स्थिर राहिलं की पंप. त्यानंतर मिनिटामिनिटाच्या अंतराने बाकीचे. एसीच्या कॉम्प्रेसरला बंद झाल्यावर तीन मिनिटं तरी विसावा लागतोच. पहिल्या पावसाच्या वाऱ्यात वीज तासाभरात चार-चार वेळा ये-जा करते, तेव्हा ही दोन मिनिटं मोटरीचं आयुष्य वाढवतात.

याच्या उलट बाजूची चूकही बघून ठेव. 'पातळी ३० च्या खाली गेली की' हा होम असिस्टंटमधला ट्रिगर ओलांडण्याच्या क्षणीच वाजतो. वीज नसताना पाणी वापरून टाकी २० वर आली आणि मग यंत्रणा जागी झाली, तर ओलांडण्याचा क्षण निघून गेलेला असतो. स्क्रिप्ट शांत बसते आणि सकाळी नळाला पाणी नसतं. म्हणून घटनेची वाट बघण्याबरोबर स्थितीही तपास. सुरू होताना एकदा आणि पुढे दर पाच मिनिटांनी एक फेरी. ती फेरी तोच प्रश्न विचारेल, या घडीला मोटर चालू असायला हवी का?

हुकूम दिला म्हणजे काम झालं असं नाही

पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी शेतपंपासाठी 'नॅनो गणेश' नावाचं मोबाइलवर चालणारं यंत्र केलं. २००९ साली नोकियाच्या जागतिक स्पर्धेत त्याला बक्षीस मिळालं. घरबसल्या मोटर सुरू होते, याचं सगळ्यांना कौतुक. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. शेतावर वीज आहे का आणि मोटर खरंच सुरू झाली का, हे शेतकऱ्याला फोनवरच कळतं. रात्रीची पायपीट वाचते ती या उत्तरामुळे. नुसता हुकूम पाठवणारं यंत्र असतं, तर खात्री करायला तो बांधावर गेलाच असता.

तुझ्या पडद्यावरचं निळं बटण 'चालू' दाखवतं, तेव्हा रिलेला निरोप पोचला एवढंच त्यातून कळतं. मोटर फिरते आहे का, हे तिचा प्रवाह सांगतो. म्हणून पंपाच्या लाइनवर विजेचं माप बसव. एका अश्वशक्तीची मोटर भरल्या पाण्यावर किती ॲम्पिअर घेते ते एकदा लिहून ठेव. सेंट्रिफ्यूगल पंपाला पाणी मिळेनासं झालं की प्रवाह ठळकपणे खाली येतो. तो अर्ध्या मिनिटाहून जास्त खाली राहिला तर कोरडी चाललीय असं समजून थांबव आणि लगेच पुन्हा सुरू करून बघू नको. तासाभराने एकदा प्रयत्न कर. तोही फसला तर माणसाला बोलाव.

एक शक्यता सगळ्यात वाईट. हुकूम 'बंद', पण प्रवाह चालूच. म्हणजे रिलेचे कॉन्टॅक्ट चिकटले. छोट्या वायफाय रिलेवर १० ॲम्पिअर छापलेलं असतं, ते साध्या भाराचं. मोटर सुरू होतानाचा दणका त्याला पेलत नाही. त्या रिलेने कॉन्टॅक्टरची कॉइल उचलावी आणि मोटरीचा भार कॉन्टॅक्टरने घ्यावा. ओव्हरलोड रिले, एमसीबी, आरसीसीबी, गीझरचा थर्मोस्टॅट हे रक्षक तुझ्या स्क्रिप्टच्या हाताखालचे नव्हेत. त्यांना चुकवणारी एकही ओळ लिहायची नाही.

ज्याचं काम घेतेस त्याच्याकडे आधी शीक

आपला वॉचमन नुसतं बटण दाबतो, असं तुला वाटत असेल. आठवडाभर त्याच्याबरोबर पंपापाशी उभी राहा. मोटरीचा आवाज बदलला की त्याला कळतं. महापालिका दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवणार असली की आदल्या संध्याकाळी तो दोन्ही टाक्या काठोकाठ भरून ठेवतो. नळाला पाणी कमी दाबाने आलं, तर खालची टाकी भरेपर्यंत वरची थांबवतो. पाऊस लांबला, धरणातला साठा उतरला, कपात लागली की त्याचं सगळं वेळापत्रक बदलतं. यातलं एकही सेन्सरला दिसत नाही. म्हणून त्याच्यासाठी दोन बटणं ठेव, 'उद्या पाणी नाही' आणि 'आज हाताने'. पहिलं दाबलं की दोन्ही टाक्या भरून ठेवायच्या. दुसरं दाबलं की स्क्रिप्टने मध्ये तोंड घालायचं नाही.

निरोपही त्याला लागतील तेवढेच पाठव. 'मोटर सुरू झाली', 'मोटर बंद झाली' असे दिवसभर टणटण वाजणारे निरोप दोन दिवसांनी कुणी बघत नाही, आणि त्यातच 'कोरडी चालली' हा निरोप बुडतो. काही करायला हवं असेल तेव्हाच फोन वाजावा. मात्र रात्री एक ओळ यावी, आज टाकी किती वेळा भरली. ती आली नाही तर यंत्रणाच झोपली आहे, हे तुला कळेल.

भिंतीवरचं बटण आजीचं

दिव्यांबद्दल थोडक्यात. आजीने बटण दाबलं की दिवा लागलाच पाहिजे. इंटरनेट असो, नसो. स्मार्ट बल्ब घेतलेस तर घरातलं कुणी ना कुणी सवयीने भिंतीवरचं बटण बंद करणार आणि बल्ब यंत्रणेतून नाहीसा होणार. म्हणून बोर्डाच्या मागे बसणारा रिले घे. बटण त्याला जोड आणि तो हुकूम स्क्रिप्टच्या वरचा धर. हाताने लावलेला दिवा स्क्रिप्टने लगेच विझवायचा नाही.

जिन्यातल्या दिव्याला घड्याळाची वेळ देऊ नको, सूर्यास्त दे. नाशिकमध्ये नोव्हेंबरअखेर सहाच्या आतच सूर्य मावळतो आणि जुलैच्या सुरुवातीला सव्वासात उलटून जातात. हालचालीवर लागणाऱ्या दिव्याच्या स्क्रिप्टचा मोड 'रिस्टार्ट' ठेव, म्हणजे माणूस जिन्यात असेपर्यंत वेळ नव्याने मोजली जाईल. पंपाचा मोड मात्र 'सिंगल'.

दुसऱ्याला वाचता येईल असं लिही

१९६८ साली अमेरिकेत डिक मॉर्ली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पीएलसीची, म्हणजे प्रोग्रॅमवर चालणाऱ्या कंट्रोलरची, कल्पना मांडली. त्यातून मॉडिकॉन ०८४ हे यंत्र आलं आणि मोटारींच्या कारखान्यांतली रिलेची कपाटं हळूहळू हटली. त्यांनी शहाणपणा केला तो भाषेत. प्रोग्रॅम रिलेच्या नकाशासारखाच दिसेल, शिडीसारखा, असा ठेवला. त्यामुळे कारखान्यातल्या इलेक्ट्रिशियनला पहिल्या दिवसापासून तो वाचता आला. रात्रपाळीत मशिन बंद पडलं तर इंजिनिअरला झोपेतून उठवायची गरज नाही.

तू परदेशी असताना पंप अडला तर तुझी स्क्रिप्ट दुसराच कुणी उघडणार आहे. 'स्विच ३' असं नाव त्याला काय सांगणार? 'गच्ची टाकी मोटर' लिही. प्रत्येक आकड्यापुढे तो का निवडला, याची एक ओळ टाक. ५० मिनिटं का, ९० टक्के का. स्क्रिप्टच्या यामल फाईलमध्ये टॅब वापरू नको, मोकळ्या जागाच दे. 'ऑन', 'ऑफ' आणि वेळा अवतरणात लिही. अवतरण नसेल तर जुन्या नियमाने २२:३० ही वेळ साठच्या पटीतली संख्या समजली जाते आणि १३५० होऊन बसते. पासवर्ड वेगळ्या सीक्रेट्स फाईलमध्ये, आणि सगळ्याची एक प्रत रास्पबेरी पायच्या कार्डाबाहेर. अपडेट आलं की टाक्या भरून घे, मगच बटण दाब.

पंपाच्या खोलीत एक कागद चिकटव. स्क्रिप्ट बाजूला सारून मोटर हाताने कशी चालवायची, याच्या चार पायऱ्या, मोठ्या मराठी अक्षरांत. त्यासाठी हँड-ऑफ-ऑटो असा तीन घरांचा सिलेक्टर स्विच बसव. सातपूर, अंबडच्या कुठल्याही पॅनेलवर तो असतो. तो ऑफवर असला की जगातला कोणताही फोन मोटर उचलू शकत नाही आणि पंपात हात घातलेल्या प्लंबरचा जीव त्यावर असतो.

मोटरीच्या जागी आधी दिवा लाव

नवं पॅनेल मोटरीला थेट जोडत नसत. आधी दिवा जोडून सगळे फेरे बघायचे. तूही कॉन्टॅक्टरपुढे १०० वॉटचा दिवा लाव आणि मुद्दाम खोड्या कर. दिवा लागलेला असताना राउटर बंद कर. फ्लोटची तार काढ. सेन्सरवर हात धर. होम असिस्टंट मध्येच पुन्हा सुरू कर. मेन स्विच पाड आणि अर्ध्या मिनिटात परत चढव. प्रत्येक खोडीनंतर दिवा विझतो का, आणि वीज आल्यावर घाई न करता लागतो का, ते वहीत लिही. चालू होण्याची चाचणी सगळेच घेतात. तुझी स्क्रिप्ट या पाच खोड्यांत पास झाल्याशिवाय मोटरीची तार लावायची नाही.

या रविवारी सकाळी नळाचं पाणी येऊन गेलं की मी येतो. फ्लोटच्या तारा मी वर गच्चीत ओढतो, मेन स्विच खाली वॉचमन पाडेल, आणि तू पंपाच्या खोलीत वही घेऊन बस. फोन बाहेर ठेव.